हंबीररावाच्या राईतून

निगव्याची शेवटची घरं मागं पडली, तशी धोंडुबाईनं डांबरी सोडली आणि बांधावरनं राईच्या अंगाला वळली. मागं बायकांची लांबलचक रांग. माघातला रविवार, जोतिबाच्या खेट्यांचा. पहाटे पंचगंगेवर पाय धुऊन कोल्हापुरातनं निघायचं आणि डोंगरापर्यंत अनवाणी चालत जायचं. असे पाच रविवार करायचे, हा नेम.

रूपाली धोंडुबाईच्या अंगासरशी चालत होती. शुक्रवार पेठेत ती शिवणकाम करायची. पहिल्या खेट्याला तापल्या डांबरीवर तिची टाच फुटली होती, बरोबरच्या बायका पुढं गेल्या होत्या, आणि या बाईनं तिला दंडाला धरून सावलीला आणलं होतं. तेव्हापासून दरसाल दोघी बरोबर. धोंडुबाईला ती आक्का म्हणायची.

"बोल की," धोंडुबाई काठी टेकत म्हणाली. "मघाधरनं तोंडात गूळ धरल्यागत चालतीयास."

"काही नाही, आक्का."

"न्हाय कसं? शिवणाऱ्या बाईचं तोंड एवढा वेळ गप ऱ्हातंय व्हय?"

मागनं कुणीतरी हसलं. रूपाली काही हसली नाही. बोलायचं होतंच. परवापासून मनात घोळत होतं.

राई सुरू झाली. जांभळी, किंजळ, ऐन आणि मधेमधे आंबे. वाट सपाट, पायाला मऊ, पाचोळ्याची. प्रत्येक वळणावर झाडाच्या बुंध्याला चुन्याचं पांढरं बोट ओढलेलं. ते धोंडुबाईचं काम. दिवाळी झाली की ती कोयता घेऊन एकटी राईत शिरायची, वाटेवर आलेली घाणेरी तोडायची, मग चुन्याची बुडकुली घेऊन खुणा करायची. शहरातल्या बाया चुकायला नकोत म्हणून, असं ती सांगायची. पण त्या खुणा बायकांपेक्षा राईच्या मालकाला दिसाव्यात म्हणूनच असायच्या, हे राईलगतच्या तिच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मालक हंबीरराव. धोंडुबाईच्या नवऱ्याचा लांबचा भाऊबंद. एके काळी ती त्याला भावजी म्हणायची, त्याच्या पोराच्या बारशाला तिनं पाळणा म्हटला होता.

एक्याण्णवच्या श्रावणात हंबीररावानं राईतली वाट काटेरी झापं लावून बंद केली. नवी सागाची रोपं लावली होती, ती लोकांची जनावरं तुडवतात म्हणे. वाडीतनं डांबरीला जायची ती जवळची वाट, आज्या-पणज्यापासूनची. लोक कुरकुरले आणि गप्प बसले. आठवडा झाला नाही तोवर धोंडुबाईच्या नवऱ्याला, कृष्णाताला, उसात घोणस चावली. भर दुपार. घोंगडीत घालून चौघांनी उचलला आणि राईकडं धावले. पलीकडं डांबरीवर दुधाचा टेम्पो उभा होता, झाडांतनं दिसत होता.

हंबीरराव काठी घेऊन झापापाशी उभा होता.

"वळसा घालून जावा," तो म्हणाला. "आज एकाला सोडलं, तर उद्या समदं गाव शिरंल."

धोंडुबाईनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्यानं पाय मागं घेतला. मग ओढ्याकडनं वळसा. ओढ्याला कमरेएवढं पाणी. मधोमध असताना तिला टेम्पोचा हॉर्न ऐकू आला, टेम्पो निघाल्याचा. पलीकडच्या काठावर घोंगडी खाली ठेवली तेव्हा कृष्णातानं डोळे फिरवले होते.

तिला एक लेक, तिचं पुढं जयसिंगपूरला लग्न झालं. मागं म्हशी तेवढ्या राहिल्या. दूध घेऊन ती कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर बसायची. पोलिसात जा, कोर्टात जा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. ती कुणाकडं गेली नाही. दोन-तीन वर्षं नुसती गप्प होती. मग एका माघात खेट्यांची बोलणी चालली असताना ती दूध मापता मापता गिऱ्हाइकांना सांगायला लागली, "डांबरीनं कशाला पाय भाजून घेताय, बायांनो? आमच्या वाडीकडनं चला. सावलीची वाट हाय, गार."

पहिल्या रविवारी वीस-पंचवीस बाया "चांगभलं" म्हणत झापापाशी येऊन उभ्या राहिल्या. हंबीरराव काठी घेऊन आला. पुढच्या म्हातारीनं कपाळभर गुलाल लावलेला. तिनं विचारलं, "देवाच्या वाटंवर काटं कुणी टाकलं रं बाबा?"

हंबीररावाच्या घराण्याला सासनकाठीचा मान. चैत्रात तीच उंच काठी घेऊन तो जोतिबापुढं नाचायचा. तो आता काय बोलणार? सगळ्यांच्या मागं पदर दातात धरून उभी असलेली धोंडुबाई त्यानं पाहिली. त्याला कळलं. पण कळून उपयोग नव्हता. वाडी बघत होती. त्यानं काठी टाकली आणि आपल्या हातानं झापं उपसली. हाताला काटे लागले, रक्त आलं.

मग कुणीतरी पाणी मागितलं. खेटेकऱ्याला पाणी नाही कसं म्हणायचं? त्यानं कळशी आणली, एकेकीला पाजलं. धोंडुबाईची पाळी आली. त्यानं तांब्या पुढं केला. ती तोंड फिरवून चालू लागली.

तेव्हापासून हेच. दर माघात पाच रविवार हंबीरराव जांभळीखाली पाणी घेऊन उभा राहायचा. बाया वाढत गेल्या, कबनूरपासनं यायला लागल्या. सगळ्या त्याच्या हातचं प्यायच्या. धोंडुबाई आपली चाल मुद्दाम हळू करायची, सगळ्यांत शेवटी त्याच्यासमोर यायची, आणि सगळ्यांच्या देखत तहानलेली पुढं जायची. तिला विचारलं की म्हणायची, "मी देवाला पायांनी जाते. माफ करायला न्हाय."

गेल्या वर्षी हंबीररावाला अर्धांगाचा झटका आला. तरी खेट्याच्या रविवारी तो खाट जांभळीखाली टाकायला लावायचा.

"आक्का," शेवटी रूपाली म्हणाली, "संयोगितावहिनी भेटल्या होत्या मला. परवा, पेठेत."

"त्याची सून?"

"हो. रडत होत्या. म्हणाल्या, आबांचं अन्न सुटलंय. रात्रंदिवस तुमचं नाव घेतात. तुम्ही त्यांच्या हातचं एक घोट पाणी प्यायलात तर जीव सुटेल म्हणतात."

"अडकू दे की. मला काय घाई हाय?"

"आक्का, आपण देवाला चाललोय. असं मनात धरून चाललेलं देवाला चालेल का?"

"देवानंच दाखवली ही वाट मला. न्हायतर माझ्यासारखीनं काय केलं असतं? त्याच्या उसाला काडी लावली असती, न्हायतर स्वतः हिरीत उडी घेतली असती." तिनं काठीनं वाटेवरचा दगड बाजूला सारला. "काटं त्याच्याच हातानं काढून घेतलं. दरसाल पाणी भरायला लावलं. याच्यापरीस चांगला देव कुठला?"

"सोळा वर्षं झाली."

"मला सांगतीयास?"

संयोगिताला तिनं शब्द दिला होता, प्रयत्न करते म्हणून. तो प्रयत्न झाला होता.

वाट वळली आणि झाडांतनं जांभळ दिसली. खाली खाट. उशांना टेकवून बसवलेला हंबीरराव, चिपाडासारखा वाळलेला. चांगल्या हातात तांब्या, आणि तो हात खाली येऊ नये म्हणून संयोगितानं कोपराखाली आपला हात धरलेला. मागच्या बाया "चांगभलं" करत पुढं गेल्या, वाकून ओंजळ धरू लागल्या. म्हातारा त्यांच्याकडं बघतही नव्हता. त्याची नजर वाटेवर होती.

धोंडुबाई थांबली. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. रूपालीला वाटलं, गुडघा दुखतोय.

"बसता का जरा?"

"नगं." धोंडुबाईचा आवाज खाली गेला होता. "रूपा, तुला येक सांगते. कुणाम्होरं बोलू नगंस. गेल्या ऐतवारी माझा हात म्होरं आलता."

"कुठं?"

"तांब्याकडं. माझा मलाच कळला न्हाय. त्याचं ते लटलट कापणारं मनगाट बघितलं आनि आलाच. तुमची पाठ होती. मी मागं घेतला. पर त्यानं बघितलं. तवाधरनं त्यानं अन्न सोडलंय, ते माझ्या सुडापायी न्हवं. त्याला आस लागलीय."

रूपालीनं खाटेकडं पाहिलं.

"आज पुन्यांदा आला, तर मला न्हाय मागं घेता यायचा. आनि मी प्याले, तर ओढ्यातल्या त्या माणसाला काय सांगू वर गेल्यावर?"

तिनं काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात रूपालीपुढं केला. शेणाचा, चुन्याचा, कोयत्याचा तो हात थंडगार होता.

"ह्यो धर घट्ट. तुझा देव तुला काय बी सांगू दे. त्याच्या म्होरनं पार जाईस्तवर सोडू नगंस."