पानावर आडवा हात

माझ्या नवऱ्याला, गुरुदत्तला, 'नको' हा शब्द ऐकू येत नाही. कान उत्तम आहेत, मागच्याच महिन्यात तपासून घेतलेत. पण समोरच्याने 'आता पुरे' म्हटलं की ह्याला ते 'अजून थोडं' असंच ऐकू येतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या जेवणात गेली तीस वर्षं जिलबीचं ताट घेऊन टेबलाटेबलांमधून फिरणारा तो हाच. कुणी पानावर आडवा हात धरला तर हा हाताच्या कडेने वाढतो. एकदा चक्क मधुमेहाच्या डॉक्टरांना त्याने चार जिलब्या खायला लावल्या आणि घरी येताना गाडीत मला म्हणाला, "बिचारे लाजत होते."

अशा माणसाने एकाहत्तराव्या वर्षी साप पाळला. यावर मी काय बोलणार?

कारण होतं अनया, आमची नात. आमचा मुलगा अनीश आणि सून चारुता विमानाने चार तासांवर, फ्रीमाँटला असतात. दोन वर्षांपूर्वी, नऊ वर्षांची असताना, अनया जूनचा पूर्ण महिना आमच्याकडे ईडन प्रेरीला राहिली. त्यानंतर आलीच नाही. कधी पोहण्याचा कॅम्प, कधी रोबोटिक्सचा. "तिला तिकडे बोअर होतं, बाबा," एवढंच अनीश म्हणायचा. बोअर! मी रोज नवा पदार्थ करत होते. थालीपीठ, धिरडी, साटोऱ्या, काय काय. त्याच महिन्यात खालचं बाथरूम तीनदा तुंबलं आणि तिसऱ्यांदा आलेल्या प्लंबरने, टॉयलेटमध्ये कागदी नॅपकिन टाकू नका म्हणून मला, या वयात, सुनावलं. पोरीला एक शब्द बोलले नाही. आणि म्हणे बोअर.

यंदा मार्चमध्ये व्हिडिओ कॉलवर अनया म्हणाली की तिला साप पाळायचाय. चारुताने टाऊनहाऊसमध्ये असलं काही चालणार नाही म्हणून सांगितलं. मी फोन काढून घेण्याआधीच गुरुदत्त बोलून गेला, "मग आमच्याकडे ठेवू! तू जुलैमध्ये ये."

एरवी आमच्याशी बोलताना तिची नजर दुसरीकडेच कुठेतरी असते. त्या दिवशी तिने सरळ आमच्याकडे बघितलं. "रिअली?" त्या एका 'रिअली'वर माझा नवरा पुढचे चार महिने जगला.

साप आला. बॉल पायथन. म्हणजे अजगरातली लहान जात, बिनविषारी, स्वभावाने भित्री. सोबतच्या पत्रकावर 'नवशिक्यांसाठी योग्य' असं छापलेलं होतं. ते लिहिणाऱ्याने आमचा नवशिका बघितला नव्हता. अंगावरच्या तपकिरी नक्षीवरून अनयाने त्याचं नाव वॉफल ठेवलं. अनीशच्या जुन्या खोलीत काचेची पेटी मांडली. गुरुदत्तने आयुष्यभर बॉयलर डिझाइन केलेत, त्यामुळे पेटीचं ऊबदार टोक, गार टोक, हवेतला दमटपणा, लपायची खोपटी, सगळं चोख झालं. फक्त गोठवलेले उंदीर माझ्या फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी ठेवायला निघाला होता. "नाही म्हणजे नाही," मी म्हटलं. ते एक 'नाही' त्याला कसं कोण जाणे, ऐकू आलं. गराजमध्ये वेगळा फ्रीझर आला.

पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं: पहिला आठवडा हात लावू नका. मग आठवड्यातून एकदा खायला द्या. नाही खाल्लं तर उंदीर उचलून घ्या आणि आठवडाभर थांबा.

हा दुसऱ्याच दिवशी उंदीर कोमट पाण्यात ठेवून, चिमट्यात धरून पेटीपाशी बसला. सापाने तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ. "घे रे राजा, एवढा एकच घे." उंदीर त्याच्या नाकासमोर हलवून झाला, जास्त गरम करून झाला. वॉफलने अंगाचा घट्ट चेंडू केला आणि डोकं मध्ये खुपसून बसला. घाबरला की ही जात हेच करते, म्हणून तर तिचं नाव बॉल.

"हा पानावर आडवा हात आहे, गुरुदत्त," मी म्हटलं.

"छे गं. लाजतोय."

असे सहा आठवडे गेले. माझ्या पिठाच्या वजनकाट्यावर, हो, माझ्याच, हा दर रविवारी सापाचं वजन करायचा आणि आकडा घटलेला बघून पुन्हा एकदा वजन करायचा. मंडळातला नकुल म्हणाला, "काका, दूध ट्राय करा ना." मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली आहेत, सापाला दूध पचत नाही हे सांगायला कंटाळा आला. मेच्या शेवटी अनीशचा फोन आला, "बाबा, तिकीट काढू ना नक्की? साप ठीक आहे ना? नाहीतर ती यायची नाही." गुरुदत्तने "ठीक आहे" म्हटलं आणि फोन ठेवून स्वतः न जेवता उठला. त्याच्या ताटातली आमटी तशीच. मला त्याची दया आली आणि तितकाच संताप आला.

"खोटं कशाला बोलतोस? त्या पोरीला खरं सांग," मी म्हटलं आणि अनयाला मीच कॉल लावला.

त्याने सांगितलं. आवाज पडला होता त्याचा. अनया रडेल असं मला वाटलं. तिने शांतपणे विचारलं, "आजोबा, हाऊ मेनी टाइम्स डू यू ट्राय?"

"रोज. कधी दोनदा."

मग ती तिच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "तुम्ही सारखं विचारता म्हणून तो खात नाहीये. त्याला भूक असते. पण सगळे बघत बसतात ना, मग भूक जाते."

"तुला गं काय माहीत?" मी म्हटलं. जरा चढ्या आवाजातच.

"माझं पण तसंच व्हायचं. तुमच्याकडे." आणि मग घाईघाईने, "थालीपीठ मी नॅपकिनमध्ये ठेवायचे. देन आय फ्लश्ड इट. सॉरी, आजी."

मला आधी रागच आला. चारुताने शिकवलं असणार, हाच पहिला विचार. नंतर खाली गेले आणि त्या बाथरूमच्या दारात वेड्यासारखी उभी राहिले. त्या जूनमध्ये मी चारुताला फोन करून सांगत होते, "माझ्याकडे चार-चार खाते हो!" गुरुदत्तला नावं ठेवत आले मी जन्मभर. पण त्या महिन्यात उलथनं माझ्याच हातात होतं. तो समोरच्या खुर्चीतून नुसतं "अजून एक" म्हणायचा. वाढायची मी. पोरीने ताटावर हात धरला होता की नाही, तेही मला आठवेना. मला रडू आलं, आणि रडू येतंय याचाही राग आला.

पुढचे हुकूम अनयाचे. पेटीवर टॉवेल टाकायचा. दहा दिवस पाणी बदलण्यापलीकडे त्या खोलीत जायचं नाही. अकराव्या दिवशी उंदीर खोपटीच्या दाराशी ठेवायचा, दार लावायचं आणि घराबाहेर जायचं. मी माझा चांगला सोलापुरी टॉवेल दिला. त्या दहा दिवसांत गुरुदत्तने मला जो ताप दिला तो चाळीस वर्षांत दिला नव्हता. खोलीपुढून चवड्यांवर चालायचा. टॉवेलचा कोपरा जरा वर करून बघू का, म्हणून सतरा वेळा विचारायचा. "टॉवेल, गुरुदत्त!" एवढंच मी ओरडायचे.

अकराव्या संध्याकाळी उंदीर ठेवला आणि मी त्याला दंडाला धरून तळ्याभोवती चालायला नेलं. मन लागत नव्हतं दोघांचंही. परत आलो तर खोपटीच्या दाराशी काही नव्हतं. आत वॉफल निवांत पडला होता, पोटाला फुगवटा. गुरुदत्त जिन्याच्या पायरीवर बसून कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिला.

"खाल्लं!" फोनवर तो ओरडला.

"येय! आता त्याच्याकडे बघू नका," अनया म्हणाली.

तिकीट निघालं. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी ती आली. उंच झाली होती. दोन तास वॉफलपाशी बसून मग जेवायला आली. मी वरण-भात, भेंडी आणि पुरणपोळ्या केल्या होत्या. कमीच केल्या होत्या, म्हणजे माझ्या मानाने. तिने एक पोळी खाल्ली, हळूहळू, मान खाली घालून. ती संपत आली तशी मी पोळ्यांच्या डब्याकडे हात नेला. तिचे दोन्ही हात ताटाच्या कडेला येऊन थांबले. या वेळी मी बघितलं.

गुरुदत्त उठला. "रेखा," तो म्हणाला, "टॉवेल."

"व्हॉट टॉवेल?" अनयाने विचारलं.

"काही नाही, तू जेव," मी म्हटलं आणि डबा टेबलावर तसाच ठेवून आम्ही दोघं बाहेर डेकवर गेलो. ऊन अजून होतं आणि डास फोडून काढत होते. घराकडे पाठ करून, कठड्याला टेकून उभे राहिलो. आतून डब्याच्या झाकणाचा आवाज आला. उघडल्याचा की लावल्याचा, कळलं नाही.

गुरुदत्त वळायला लागला. मी त्याचा हात धरला.

"बघू नकोस," म्हटलं.