आत्याच्या पासबुकावर मिळालेला जपानचा व्हिसा

माझा जपानचा व्हिसा बकऱ्या-मेंढरांवर झाला.

ती राखणारी माझी आत्या आज सकाळी गेली. चहा घेतला, जरा पडते म्हणाली, आणि गेली.

2003ची गोष्ट असेल. मी सेनगावात शाळेच्या मैदानावर पोरींना कराटे शिकवायचे. ब्लॅक बेल्ट झाला होता. जपानमधल्या एका डोजोनं, म्हणजे कराटेच्या शाळेनं, वर्षभर शिकायला बोलावलं.

राहायला जागा तिकडचे सर देणार होते. बाकीचा खर्च कोण करणार, याचा पुरावा मात्र मागितला होता.

बाबांनी इकडून तिकडून पैसे गोळा करून माझ्या खात्यात टाकले. आठ दिवसांनी स्टेटमेंट काढून पाठवलं.

व्हिसाच्या ऑफिसातून कागद परत आले. एकदम आलेली रक्कम चालत नाही, म्हणे. स्पॉन्सर दाखवा, त्याची निदान सहा महिन्यांची जुनी बचत दाखवा.

आम्ही शेतकरी. सहा महिने खात्यात पैसा कुणाच्या राहतो?

मी बेल्ट पेटीत ठेवून दिला.

आत्या सिद्धेश्वर धरणाजवळ राहायची. तिचे यजमान गेल्यापासून बकऱ्या-मेंढ्या एकटीच सांभाळायची. तिला कळलं तशी पहिल्या एसटीनं आली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढलं.

बोकड विकला की बँकेत. लोकर विकली की बँकेत. अकरा वर्षं. घरात कुणालाच पत्ता नव्हता.

बाबा म्हणाले, "अक्का, हे तुझ्या म्हातारपणाचं हाय."

"म्हातारपण कुठं पळून चाललंय? पोरीचं वय चाललंय."

तहसीलमधून तिच्या उत्पन्नाचा दाखला काढला. स्पॉन्सरच्या पत्रावर तिनं सावकाश सही केली. सही येते याचा तिला फार अभिमान.

मग मुंबईच्या व्हिसा ऑफिसातून चौकशीचा फोन येणार, असं कळलं. नंबर एसटीडीवाल्याचा दिलेला. आत्या दोन दिवस तिथंच बाकावर बसून.

फोन आला. मी शेजारी उभी. पलीकडचे साहेब हिंदीत बोलत होते.

"आप इसका खर्चा क्यों उठा रही हैं?"

"काहून म्हंजे? भाची हाय माझी. शिकून राहिली."

"और लड़की वापस नहीं आई तो?"

"न्हाई आली तर न्हाई. जिथं बरं वाटंल तिथं राहू द्या."

मला वाटलं, संपलं सगळं.

आत्या पुढं म्हणाली, "पर येईल ती. इथं शाळेत चाळीस पोरी तिची वाट पाहून राहतील. त्यांना सोडून ती राहायची न्हाई."

साहेब म्हणाले, "ठीक है, माताजी."

पंधरा दिवसांत व्हिसा आला.

वर्षानं परत आले तेव्हा खर्च होऊन बरेच पैसे उरले होते. तिला द्यायला गेले, तर तिनं घेतले नाहीत. त्यातून क्लासला मॅट घ्यायला लावल्या.

आणि तिच्या वस्तीवरच्या चार पोरी समोर उभ्या केल्या. "ह्यांना घे."

त्यातली एक आज पोलिसात आहे. दुसरी माझ्यासोबत क्लास चालवते. दोघीही आत्ता इथं अंगणात बसल्यात.

आत्या, तू समाधानानं जगलीस आणि आम्हालाही तसंच जगता आलं.

सावकाश जा. शेवटचा नमस्कार.