मामाची जागा

नावड्याच्या बाळारामने तळोज्यातल्या केमिकल कंपन्यांचे टँकर एकतीस वर्षं चालवले, पण एकदाही गाडी कुठे घासू दिली नाही. गिळलेले अपमान म्हणाल तर पुष्कळ. एक मात्र त्याच्या घशात अडकून राहिला. मी त्याचा शेजारी, आणि मला विचाराल तर तो गिळण्यासारखा नव्हताच.

बारा वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीच्या, शर्मिलाच्या, खारघरच्या बंगल्याची वास्तुशांत होती. तिचा नवरा सुभाष कंत्राटं घेऊन घेऊन बडा माणूस झालेला. गेटवर कोणी साहेब गाडीतून उतरले, तेव्हा सख्ख्या मेव्हण्याकडे बोट दाखवून हा म्हणाला, "चावी त्याला द्या, आपला ड्रायव्हर हाय." बाळारामने त्या दिवशी सात गाड्या नीट लावल्या आणि न जेवता घरी आला. मग बारा वर्षं गप्प बसला. तोंडाने गप्प, मनाने नाही.

यंदा तो निवृत्त झाला. त्याची लेक रुतिका न्यूझीलंडला नर्स आहे. तिने फर्मान काढलं, आईला घेऊन या, तीन महिने मोटरहोमने देश फिरू, गाडी बाबा चालवतील. मोटरहोम म्हणजे पलंग, शेगडी, संडास सगळं पोटात घेऊन फिरणारी गाडी. बाळाराम परदेशात चालणारा परवाना काढून आला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळ्या कॉलनीला दाखवत फिरला. "आता बोलव त्या सुभाषला," म्हणाला, "बघू दे ड्रायव्हर कसा असतो."

त्यातच सुभाषच्या मुलीचं, दिशाचं लग्न ठरलं. पहिली पत्रिका सख्ख्या मामाला, तीही आईबापांनी स्वतः नारळ घेऊन जाऊन द्यायची, हा त्यांचा रिवाज. सुभाषने ती पाठवली आपल्या ड्रायव्हरच्या, सयाजीच्या हाती. सयाजी साताऱ्याकडचा, गरीब स्वभावाचा. दारातच घुटमळला. बाळारामने त्याला खुर्चीवर बसवलं, त्याच्या बायकोने, शांतीवहिनींनी, पोटभर जेवू घातलं. तो गेल्यावर बाळारामने रुतिकाला फोन लावला. "तिकिटं काढ. तारीख मी सांगतो." तारीख लग्नाची होती. मी म्हटलं, शाब्बास!

त्याचा हिशोब पक्का होता. नवरीला बोहल्यावर मामाने न्यायचं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. सख्खा मामा जिवंत असताना दुसरा त्या जागी उभा राहिला तर पहिल्याला मेलेला धरल्यासारखं, असं त्यांच्या घराण्यात मानतात. त्यामुळे त्याच्या चार चुलतभावांतला एकही पुढे येणार नव्हता. मुहूर्त टळेल, सुभाषचं नाक भर मांडवात कापलं जाईल.

शर्मिला रडत आली. "दादूस, तुझा राग त्याच्यावर हाय ना? मग माझ्या पोरीनं काय केलाय? तिला बोहल्यावर कोन न्हेल?"

"तुझ्या नवऱ्याला ड्रायव्हर लय आवडतात ना?" बाळाराम म्हणाला. "ड्रायव्हरला उभा कर."

दिशाचेही फोन आले. लहानपणी ही पोर त्याच्या टँकरच्या केबिनमध्ये बसून हॉर्न वाजवायची, उतरायचं नावच घ्यायची नाही. त्याने एकही फोन उचलला नाही. मोबाइल उशीखाली ठेवायचा आणि वर डोकं ठेवून पडायचा.

मुहूर्त दुपारी बारा-पाचचा. तेव्हा नवराबायको विमानतळावर सामान देऊन बसले होते. पुढचं शांतीवहिनींनी मला सांगितलं. एका चुलतभावाच्या पोराने मांडवातून व्हिडिओ कॉल लावला. सुभाष घामाघूम होऊन चौघांपुढे हात जोडत होता आणि चौघे जमिनीकडे बघत होते. बाळाराम असा हसला की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. बारा वर्षांचं व्याज वसूल झालं होतं! भटजींनी घाई केली. तेव्हा सुभाष धावत पार्किंगमध्ये गेला आणि सयाजीला दंडाला धरून घेऊन आला. त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला, हातात नारळ दिला. सयाजीला बिचाऱ्याला तो नियम माहीतच नव्हता. "शेवटी ड्रायव्हरच्याच पाया पडला साला!" बाळाराम मांडीवर थाप मारून म्हणाला.

मग दिशा वाकली. सयाजीच्या पायांना हात लावून तिने वर बघितलं आणि म्हणाली, "चल मामा."

बाळारामचं हसणं तिथेच थांबलं.

"झाला समाधान?" शांतीवहिनी म्हणाल्या. "तुमी हिथं जिवंत बसल्यात आन तिथं पोरीनं तुमाला मेलेला धरला."

विमानाची घोषणा झाली तशी तो पिशवी उचलून रांगेत उभा राहिला.

तीन दिवसांनी सयाजी माझ्या दारात आला. हातात तो फेटा आणि तो नारळ. "मामांचा मान हाय," म्हणाला. "मी नुसता उभा राहिलो. त्यांच्या घराला कुलूप हाय, तवा तुमच्याकडं ठेवतो." मी दोन्ही देवाजवळ ठेवलं आणि बाळारामला तसं कळवलं.

आता दर रविवारी त्याचा फोन येतो. सात मीटरची गाडी, रस्ते, मेंढ्या, सगळं सांगतो. सुभाषला शिव्या घालतो. मीही दोनचार घालतो, कारण माझं मत अजून बदललेलं नाही. आणि फोन ठेवता ठेवता तो विचारतो, "तो नारळ जरा हलवून बघ ना. पानी वाजतंय का?"

मी नारळ कानाशी धरून हलवतो. गेल्या रविवारी काही वाजलं नाही. वाजतंय, म्हणून मी सांगितलं.