आत्याबाई कोणाच्या घरात धरायच्या

आमच्या घराला दारं दोन आणि चुलीही दोन. सासऱ्यांच्या माघारी भावाभावांची वाटणी झाली तेव्हा शेत मोजलं, विहिरीच्या पाण्याचे दिवस वाटले, बैलजोडी विकून पैसे निम्मे केले. सासूची, म्हणजे आत्याबाईंची, वाटणी महिन्यांनी झाली. चैत माझ्याकडे, वैशाख धाकट्या जावेकडे, जेठ पुन्हा माझ्याकडे, असं फाल्गुनापर्यंत. अमावस्येला संध्याकाळी त्या आपलं गाठोडं घेऊन अंगण ओलांडायच्या. त्यांच्या पोटासाठी बाजूला काढलेलं दोन एकर जिवाईचं शेत दोघा भावांनी एकेक एकर करायला घेतलं. पंचांच्या सह्या झाल्या. तो कागद मी स्वतः तपासला होता. हिशेब बरोबर होता.

पण त्यात दोन गोष्टी कोणी धरल्याच नव्हत्या. एक म्हणजे धोंड्याचा महिना. महिने नावानं वाटलेले, आणि यंदा अधिक आला तो जेठच. दोन्ही जेठ माझ्या वाट्याला आले. निम्मे दिवस तू घे, असं मी जावेला म्हटलं, तर ती म्हणाली, "कागदावर जेठ तुमचा हाय, बाई. एक येवो का दोन."

दुसरी गोष्ट म्हणजे वाटणी चालत्याफिरत्या माणसाची होती. आत्याबाई न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. वाशीमच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि ऑपरेशन सोसणार नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून त्या खाटेवर आहेत. अंगण ओलांडायचं तर खाट दारातून निघत नाही. चादरीचे चार कोपरे चौघांनी धरायचे आणि त्यांना झोळीत घालून न्यायचं. त्या वेळी त्या ओरडत नाहीत. दातात पदर धरतात. ते ओरडण्यापेक्षा वाईट.

मी शिवणकाम करते. माझ्या पाळीच्या महिन्यात मशीन झाकून ठेवावी लागते, कारण दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचं, धुवायचं, भरवायचं. गिऱ्हाईक महिनाभर थांबत नाही, शेलूबाजारला जातं आणि तिकडचंच होतं. त्यामुळे मी पाळीला पक्की होते. आपला महिना पुरा करायचा आणि अमावस्येला हात मोकळे करायचे. एकदा का पाळी चुकली की ती कायमची आपल्या गळ्यात पडते, ही भीती मला रोज होती. खोटं कशाला सांगू.

मार्गशीर्षातल्या अमावस्येची ही गोष्ट. पौष जावेचा. मी सकाळीच आत्याबाईंची लुगडी घडी करून ठेवली, रबराची चादर धुऊन वाळत घातली. दोघे भाऊ संध्याकाळी शेतातून आले की शेजारचे दोघे बोलवायचे, असं ठरलेलं. मध्येच उपकेंद्रातल्या सिस्टर जखम बांधायला आल्या. आत्याबाईंच्या कमरेखाली रुपयाएवढी जखम झाली होती. पट्टी बदलता बदलता त्या म्हणाल्या, "यांना उचलू नका आता. चादरीत तर नाहीच. ही जखम फाटली तर हाडापर्यंत जाईल."

सिस्टर गेल्या. मी अंगणात आले. जाऊ तिच्या दाराशी भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मग काय करता, बाई?" ती म्हणाली.

"काय करता म्हंजे? पाळी तुही हाय."

"आणा मग. मी काही नाही म्हणून राह्यली का? पण फाटलं त माह्या नावानं बोंबलू नका. तसंही पौषात कोणी कोणाले घरात आणते का?"

"दरवर्षी पौष तुह्याच वाट्याले येते. तवा नाही आठवलं काही!"

हे चालू असतानाच सर्वेवाली बाई फाटकातून आत आली. पंचविशीची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. गल्लीतलं प्रत्येक घर तिला करायचं होतं. आधी ती जावेच्या ओट्यावर बसली. मी तोवर तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या. थोड्या वेळानं ती माझ्याकडे आली.

"घरात किती माणसं, ताई?"

"चार."

तिनं चार लिहिलं. तेवढ्यात आतून आत्याबाई खोकल्या. तिनं मान वर केली.

"आत कोण आहे?"

"सासू."

"मग पाच झाले ना?"

"नाही. आजपासून त्या तिकडच्या."

ती गोंधळली. "पण तिकडेही मी विचारलं. त्या म्हणाल्या, चार. म्हातारी माणसं कोणी नाहीत."

मी जावेकडे पाहिलं. ती राखेचा हात तसाच धरून उभी राहिली होती.

"आज दुपारी माह्या घरात कोणी नाही, त कसं सांगू?" ती म्हणाली.

तशी ती खोटं बोलली नव्हती. मीही बोलले नव्हते. दोघींनी आपापल्या घरातली माणसं बरोबर मोजली होती आणि आत्याबाई दोन्ही बेरजांतून गळल्या होत्या.

मुलीनं नियम समजावून सांगितला. माणूस ज्या चुलीवर जेवतो त्या घरात धरायचा. दोन चुली असल्या, तर वर्षात जास्त दिवस जिथे जेवला तिथे. "तुमच्याकडे निम्मं-निम्मं आहे का?"

इथं माझी जीभ घसरली. जेठाचं दुखणं पोटात होतंच.

"निम्मं कायचं? यंदा तेरा महिने झाले. सात माह्याकडे, सहा हिच्याकडे. इचारा तिले!"

"मग प्रश्नच मिटला," मुलगी म्हणाली आणि तिनं टॅबवर बोट टेकवलं. "त्या तुमच्या घरात."

माझं बोलणं माझ्याच कानात परत आलं, पण तोवर तिनं पुढचे प्रश्न काढले होते. रोजचं करायला कोणाची मदत लागते का? लागते. पगारी बाई ठेवली आहे का? नाही. गेल्या तीस दिवसांत औषधांवर किती, डायपरवर किती, ये-जा करायला गाडीभाडं किती? मी एकेक आकडा सांगितला. पावत्या होत्या, त्याही दाखवल्या. टॅबवर खाली बेरीज आली. बेरीज बरोबर होती.

"आन् माहा महिना?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"महिनाभर मशीन बंद हाय. ते कुठं धरलं?"

"त्याचे कोणाला पैसे दिलेत का, ताई?"

"कोणाले देऊ?"

"मग खर्चात येत नाही." तिचा आवाज मऊ झाला. "कोण करतं, किती वेळ करतं, ते वेगळ्या पानावर आहे. ते विचारते मी."

"पण हे इचारता कायले?"

"म्हातारी, अंथरुणावरची माणसं सांभाळायला सगळ्या देशात किती खर्च होतो, ते मोजायचं आहे."

मी शेंगा खाली ठेवल्या. गावात अशा चार-पाच खाटा मला तोंडपाठ होत्या. कुठे सून, कुठे बायको, एका घरी माहेरी परत आलेली लेक. एकीलाही कोणी पैसे देत नव्हतं. मग गावाची बेरीज म्हणजे डायपर आणि मलम. अशी गावं एकाखाली एक मांडली तर देशाचीही बेरीज डायपर आणि मलमच. आकडा खोटा नव्हता, तिचा हेतूही वाईट नव्हता. पण ज्या कामानं माझे खांदे भरून येत होते, ते त्या बेरजेत कुठेच नव्हतं. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणूनच वेळेचं पान ठेवलंय, ताई."

तेवढ्यात जावेनं हात धुतले आणि पदराला पुसत पुढे आली.

"झालं त मग. सरकारनं लिवून नेलं, आत्याबाई तुमच्या घरच्या. आता संध्याकाळी उचलाउचल कायले?"

"अहो, तसं नसतं," मुलगी घाईनं म्हणाली. "हे फक्त मोजण्यापुरतं आहे. यानं काही ठरत नाही."

"लिवलं का नाही लिवलं?"

"लिहिलं, पण..."

"मग!"

ज्याला भीत होते ते माझ्याच तोंडच्या आकड्यानं झालं होतं. चादरीत घालून पाठवावं, तर जखम फाटणार. ठेवून घ्यावं, तर पौष माझा, पौषानंतरचा माघ तर माझाच, आणि मग कधी कोण म्हणणार की आता तुझी पाळी?

आतून आत्याबाईंचा आवाज आला. "मले इथं ठिवा नाही त तिथं ठिवा. पण आज उचलू नका वं, पोरींनो."

त्यांना सगळं ऐकू जात होतं, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात नव्हतं.

मी मुलीला विचारलं, "राहतात कुठं, हा एक प्रश्न. करते कोण, हा दुसरा. दोन्हीचं उत्तर एकच पाहिजे का?"

"नाही. करणारी व्यक्ती दुसऱ्या घरची असू शकते. तसा पर्याय आहे."

"मग आयक," मी जावेला म्हटलं. "खाट हालणार नाही. राहणं माह्याकडेच. पण पौषाचं करणं तुहं. तू इथं येऊन करायचं."

तिचा चेहरा लाल झाला. "तुमच्या घरात येऊन धुवू? आन् तुमी दारात उभ्या राहून पाहसान?"

"नाही पाहणार."

"तुमी? तुमी त भाकरी थापतानी पीठ मोजता, बाई!"

सर्वेवाल्या मुलीनं हसू दाबलं. मला हसू आलं नाही, कारण खरं होतं.

"काय पाहिजे तुले, सांग," मी म्हटलं.

तिनं आत पाहिलं, मग माझ्याकडे. "माह्या महिन्यात तुमी त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. शिकवायचं नाही. मागून येऊन चादर निट करायची नाही. चुकलं त आत्याबाई मले सांगतीन."

"आन् जखम वाढली त?"

"त सिस्टर सांगतीन. तुमी नाही."

मला ते गिळायला जड गेलं. तिच्या हाताखाली आत्याबाईंची पाठ कशी राहील, याची मला खात्री नव्हती, आणि आता खात्री करून घेण्याची सोयही उरणार नव्हती. तरी मी हो म्हटलं. मुलीनं वेळेचं पान उघडून दोघींना विचारलं, तासांचं लिहून घेतलं आणि ती पुढच्या घरी गेली.

संध्याकाळी दीर शेजारच्या दोघांना घेऊन चादर मागायला आला. जावेनंच त्याला अंगणात अडवलं. "चादर राहू द्या. माय हालणार नाही. म्याच येनं-जानं करीन."

"अन् आपला जिवाईचा एकर?" त्यानं विचारलं.

"एकर कुठं चालला? काम करून राह्यली ना मी!"

त्यानं माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं माझ्याकडे. मी म्हटलं, "एकर तसाच राहीन." शेजारी आल्या पावली परत गेले.

पौषाच्या पहिल्या दिवशी सकाळी जाऊ स्वतःच्या चुलीवरचं गरम पाणी बादलीत घेऊन आली. माझ्याकडे न पाहता आत गेली आणि दार लोटून घेतलं. मी ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसले. वळवताना आधी गुडघ्यांमध्ये उशी द्यायची, मग खांदा धरायचा. आधी खांदा धरला तर खुब्यावर ताण येतो. हे तिला ठाऊक आहे की नाही, मला ठाऊक नव्हतं. काल विचारता आलं असतं. आज नाही.

आत खाट करकरली. आत्याबाई कण्हल्या आणि मग त्यांनी हाक मारली, "मोठे! अवं मोठे!"

मी उभी राहिले. सुपातले तांदूळ ओट्यावर सांडले.

"मोठी नाही, आत्याबाई. लायनी हाय मी," जावेचा आवाज आला. "तुमी सांगा. पयले काय धरू?"

मग आत्याबाई म्हणाल्या, "उशी घे. गुडघ्यात दे. अशी नाही... हां."

खाट पुन्हा करकरली. या वेळी कण्हणं आलं नाही. मी खाली बसले आणि सांडलेले तांदूळ गोळा करू लागले.