बंगल्यातला टीबी

पिंपळे गुरवमधल्या त्या बंगल्यात मी नर्स म्हणून एकदाच गेले. दुसऱ्या खेपेपासून मी ब्युटी पार्लरवाली होते.

ही बढती मला दिली घरच्या सुनेनं. तिच्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, टीबी निघाला होता आणि महापालिकेच्या दवाखान्यातून मी घरभेटीला जात होते. गोळ्या नियमित घेतात का, वजन वाढतंय का, काही त्रास होतोय का, एवढंच बघायचं. पहिल्या दिवशी युनिफॉर्मवर फाटकाशी उभी राहिले, तर बाईंनी मला मनगटाला धरून आत ओढलं आणि गल्लीत नजर टाकून दार लावून घेतलं.

"सिस्टर, पुढच्या वेळी साध्या ड्रेसवर या. गाडी कोपऱ्यावर लावा. आमच्या मुलीची सोयरीक जमतेय, रावेतची माणसं आहेत. कुणी विचारलंच तर मी सांगेन, पार्लरवाली येते म्हणून."

"माझ्याकडे बघून कुणाला पटेल का ते?"

त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "घरी येणाऱ्या अशाच असतात," त्या म्हणाल्या.

बंगला चार मजली. शेतं जसजशी विकली गेली, तसतसे मजले चढत गेले होते. सगळ्यात वर आबांची खोली. एसी चालू, खिडक्या बंद, वर जाड पडदे. टीबीच्या पेशंटला मोकळी हवा हवी, हे मी दर खेपेला सांगायचे. "धूळ येते हो," सूनबाई म्हणायच्या, "आणि समोरून सगळं दिसतं." खाली डायनिंग टेबलवर काचेची भांडी मांडलेली, आणि ज्यांच्या जमिनीवर हे सगळं उभं, ते वर कागदी ताटलीत जेवत होते. औषधं नीट चालू राहिली की काही आठवड्यांत लागण होण्याची भीती खूप कमी होते, आता डॉक्टरांनीच हरकत नाही म्हटलंय, हेही मी सांगितलं. घरच्यांनी आदरानं मान हलवली. ताटली कागदीच राहिली.

आबा जुने पैलवान. अंगावर सदरा आता हँगरला लावल्यासारखा लोंबायचा. गोळ्या सुरू झाल्या आणि लघवी लालसर झाली, तेव्हा आपला कारभार आटोपला असं समजून ते वाटणीचं बोलायला लागले. एरवी फोनमधून डोकं वर न काढणारा मुलगा धापा टाकत वर आला. हा औषधाचा रंग आहे, काळजीचं कारण नाही, असं मी सांगितलं. आबांचा जीव भांड्यात पडला. मुलाचाही पडला असावा, चेहऱ्यावरून नीट कळलं नाही.

समोरच्या घरात आबांचा लहानपणापासूनचा जोडीदार राहायचा. दोघांचा दुपारचा पत्त्यांचा डाव ठरलेला. त्याला सांगितलं होतं, आबांचे गुडघे धरलेत, माणसांना भेटत नाहीत. तो रोज फाटकाशी यायचा, वर बघायचा आणि परत जायचा. एकदा त्यानं मला गाठलं.

"काय वो ताई, आमच्या दोस्ताचं गुडघं पार्लरमधी बरं व्हतंय का?"

मी हसले. तो हसायला गेला आणि खोकला. असा खोकला, की त्यानं फाटक धरलं. ओल्या, खोल आवाजाचा.

"कधीपासून आहे हा?"

"लई दिस झालं. रस्ते उकरलेत नव्हं सगळीकडं, धुळीनं हाय."

आबांचा आजार मला त्याला सांगता येत नव्हता. पेशंटचं गुपित पेशंटचंच असतं. मी एवढंच म्हटलं, दवाखान्यात जा, थुंकी तपासून घ्या.

"आता पार्लरवालीचं ऐकून दवाखान्यात जाऊ व्हय?" तो म्हणाला आणि निघून गेला.

मी वर जाऊन आबांना सांगितलं. सूनबाई दारात उभ्याच होत्या. "त्यांचा खोकला जुनाच आहे," त्या म्हणाल्या.

आबांनी मला विचारलं, "माझ्यामुळं झालं का?"

"कुणामुळं ते सांगता येत नाही. पण तपासायला हवं, आणि माझं ते ऐकत नाहीत."

"आबा, सुपारी फुटेपर्यंत तरी थांबा," सूनबाई म्हणाल्या.

 आबा उठले, पडदा बाजूला ओढला. खिडकी घट्ट बसली होती. खांदा लावून त्यांनी ती ढकलली, आणि मी इतके आठवडे मागत असलेली मोकळी हवा एकदाची आत आली.

"आरं ए! ती पार्लरवाली न्हाई, नर्स हाय! माझं गुडघं धड हायेत. टीबी झालाय मला, टीबी! उद्या जाऊन थुंकी तपासून घे!"

गल्लीतली प्रत्येक गॅलरी भरली. जोडीदार अंगणात येऊन वर बघत राहिला.

"मग आधी न्हाई का सांगायचं?" तो ओरडला. "मला वाटलं, तू माझ्यावर रुसलास."

आबा पलंगावर बसले आणि टॉवेलनं तोंड पुसत राहिले, बराच वेळ.  

जोडीदारालाही टीबी निघाला. आजार वाढायच्या आत औषध सुरू झालं. बंगल्यातल्या सगळ्यांची तपासणी झाली, कुणालाच काही निघालं नाही. रावेतच्या मंडळींना टीबीचं कळलं, तेव्हा त्यांनी गोळ्या चालू आहेत ना, एवढंच विचारलं. सोयरीक पुढे मोडली, ती लग्न कुठल्या कार्यालयात करायचं यावरून. मुलीला तो मुलगा मुळात आवडलाच नव्हता म्हणे, पण तिला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आबांचा कोर्स संपला, रिपोर्ट चांगले आले. आता रोज सकाळी ते समोरच्या घरी जाऊन जोडीदार गोळी गिळेपर्यंत पुढ्यात बसतात. जोडीदाराच्या घरभेटीला मला पोचायला थोडा उशीर झाला, तर अंगणातूनच ऐकवतात, "सिस्टर, सरकारी पगार घेता, जरा टायमावर येत जा की!"