कुंपणापाशी ऐकलेलं

एप्रिल २०२१. दुपारचा व्हिडिओ कॉल. हजर : एचआरची ओर्ला, माझा वरिष्ठ डेक्लन, माझ्या टीममधली मेघना आणि मी.

त्या कॉलवर जे झालं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. एरवी मी कामं साठवून ठेवणारी बाई नाही — माझ्या घरचं एकही कपाट तुम्हाला विस्कटलेलं दिसणार नाही. हे मात्र साठवलं.

मेघना नागपूरची. इथे परदेशात, सँडीफोर्डच्या ऑफिसात तिला मीच घेतलं, आम्ही राहतो त्या ल्यूकनमध्ये आमच्या मागच्याच रस्त्यावर घरही मीच शोधून दिलं. मला ताई म्हणायची. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी तिच्याशी इतरांपेक्षा कडक वागायचे. परदेशात राहिला असाल तर हे ओळखाल. मला ती शिस्त वाटायची. तिला काय वाटत होतं?

संक्रांतीला लॉकडाउन होता. तिने तिळगुळाचा डबा आमच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि मागे सरकली.

"ताई, लाडू दगड झालेत. हेल्मेट घालून खा."

मी हसले. ती नाही हसली. म्हणाली, "कॉलवर तुमचा आवाज आला ना, की माझे हात थरथरतात. झोप नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात."

"ऑफिसचं ऑफिसात ठेव गं," मी म्हणाले. डबा उचलला आणि आत गेले.

त्याच आठवड्यात मी तिच्या कामाचा रोजचा आढावा सुरू केला — सगळ्या टीमसमोर, तिच्या चुका स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत. मार्चमध्ये एकदा उत्तर देता देता ती थांबली. कॅमेरा चालू, डोळे उघडे, आवाज नाही. शेवटी तिच्या नवऱ्याचा हात आला आणि लॅपटॉप मिटला.

तिने मानसिक इजेच्या भरपाईचा दावा केला. कंपनीचं म्हणणं — आढावा घेणं हे व्यवस्थापनाचं रास्त काम; तिला त्रास होतोय हे कुणाला ठाऊकच नव्हतं. सगळं त्या एका गोष्टीवर येऊन ठेपलं. ओर्लाने मला विचारलं, तुम्हाला माहीत होतं का?

मी म्हणाले, "नाही."

किती चटकन म्हणाले!

मग तिने मेघनाला विचारलं — कामावर कुणाला सांगितलं होतं? मेघनाने माझं नाव घेतलं असतं तर दावा टिकला असता. तिला ते ठाऊक होतं. मलाही.

"कामावर नाही," मेघना म्हणाली. "एका बहिणीला सांगितलं होतं."

"ती आपल्या कंपनीत आहे?"

"त्या दिवशी नव्हती."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. स्थिर होते. जिने आपल्याला मोडलं तिचंही नातं असं जपायचं — समोर ती खोटं बोलत असताना? इतकं बळ माणसात येतं कुठून? मी अजून त्या चौकटीतल्या चेहऱ्याकडे पाहतेच आहे. आणि तरी तेव्हा माझं 'नाही' मागे घेतलं नाही.

"ग्रँड," म्हणजे 'ठीक आहे', असं म्हणून ओर्ला पुढच्या मुद्द्याकडे वळली.

दावा फेटाळला गेला. डेक्लनने माझं कौतुक केलं. मेघनाने नोकरी सोडली. दुकानात दिसली तर मान हलवते; ताई म्हणत नाही.

ओर्ला अजून तिथेच आहे. तिचा नंबर माझ्याकडे आहे. फोन अजून केलेला नाही.