बेबीआत्याचा हिरवा पत्रा

बेबीआत्याने आयुष्यात तीन पुरुषांना मारलं. पहिला फॅक्टरीच्या बसमध्ये तिच्या पाठीवर हात फिरवणारा. त्याच्या डोक्यात तिने चार पुडांचा डबा घातला, भाजीसकट. दुसरा ओमती भागातला एक फोटोवाला. तिसरा वेदांग, माझ्या अवंतीताईचा नवरा. तिघांपैकी एकाचंही मला वाईट वाटत नाही, आणि तिसऱ्याला तर कमीच बसले असं मी आजही म्हणते.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. नवरा तरुणपणी गेला, त्याच्या जागी ती फॅक्टरीत लागली. तिथे लष्करी गाड्या बनायच्या आणि आत्या त्यांचा रंग तपासायची. हातात तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा, मंजूर झालेल्या हिरव्या शेडचा. तो गाडीच्या दाराला चिकटवायचा, खिडकीच्या उजेडात बघायचा. पत्रा दारात विरून गेला तर गाडी पास, कडा दिसली तर परत. सत्तावीस वर्षं तिने हेच केलं. तिचे साहेब होते भय्यासाहेब. मार्चअखेरीला एकदा चाळीस गाड्या एका दमात पास करा म्हणून वरून दडपण आलं, तर भय्यासाहेबांनी त्यातल्या एकतीस परत पाठवल्या. "सही माझी आहे ना, मग डोळेही माझेच लागतील," असं ते म्हणाले होते. आत्या हे वाक्य आम्हाला जेवताना वाढायची. ती निवृत्त झाली तेव्हा भय्यासाहेबांनी तिला तोच हिरवा पत्रा भेट दिला, मागे स्वतःची सही कोरून. आत्याच्या घरी देवांच्या खालोखाल त्या पत्र्याचा मान होता.

निवृत्तीनंतर माणसं तीर्थाला जातात. आत्याने फोटो छापायचा प्रिंटर आणला आणि दीक्षितपुऱ्यातल्या घरात, उत्तरेच्या खिडकीपाशी मांडला. कारण एकच, बाजारात छापून आणलेल्या फोटोंचे रंग बघून तिचं डोकं फिरायचं. कोणाची गर्द जांभळी पैठणी निळी व्हायची, कोणाचा काळासावळा बाप गुलाबी. तिने वर्षभर त्या यंत्राशी मारामारी केली. स्क्रीन इतकी मंद केली की आम्हाला वाटायचं बिघडली. "स्क्रीन स्वतः पेटलेली असते, कागद पेटत नसतो," ती म्हणायची. कॉम्प्युटर आपणहून रंग सुधारतो आणि प्रिंटरही सुधारतो, म्हणजे दोघींनी एकाच वरणात मीठ घालायचं, हे तिने शोधून काढलं आणि एकीला घरी बसवलं. ताज्या प्रिंटवर ती कधी मत देत नसे. शाई रात्रभर वाळू द्यायची, सकाळी खिडकीत बघायचं. आणि प्रत्येक फोटोच्या तीन प्रती काढायच्या, फॅक्टरीतल्यासारख्या. एक पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, एक फाइलला, एक हाताशी.

लोक यायचे, मुलीचा फोटो स्थळांना पाठवायला जरा उजळ करून द्या म्हणायचे. एका बाईची चप्पल आत्याने गॅलरीतून खाली भिरकावली होती, त्या शब्दावरून.

अवंतीताईचा फोटो मात्र आत्याच्या हातून निसटला. बाबांनी तो परस्पर ओमतीच्या फोटोवाल्याकडून करून घेतला. ताई आमच्या आईसारखी सावळी, चमकदार सावळी. फोटोत ती दुधात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. आत्याने जाऊन त्या फोटोवाल्याच्या दोन थोबाडीत दिल्या, पण फोटो तोवर भय्यासाहेबांच्या घरी पोचला होता. साहेबांचं घर म्हटल्यावर आत्याही गप्प बसली. ते गप्प बसणं ती स्वतःला अजून माफ करत नाही.

लग्नानंतर नवव्या दिवशी वेदांगने, भय्यासाहेबांच्या मुलाने, ताईला पहिली थप्पड मारली. "फोटोत कोणी और होती, घरी कोणी और आली," हे त्याचं कारण. नंतर कारणं लागेनाशी झाली. अडीच वर्षं ताईने आम्हाला काही कळू दिलं नाही. मागच्या थंडीत त्याने तिचा दंड कपाटाच्या दारात धरून दार दाबलं, जबड्यावर कोपर मारलं आणि चार्जरच्या वायरने पाठ सोलली. भय्यासाहेब त्या दिवशी नागपूरला होते. ताई घरच्या कपड्यांतच रिक्षात बसली आणि आमच्याकडे आली.

मी त्याच दुपारी फोनवर तिचे फोटो काढले. पोलीस ठाण्यात चल म्हणून ओरडले, पण बाबा दारात आडवे उभे राहिले. घरची गोष्ट घरात, आधी भय्यासाहेबांशी बोलू. ताई बाबांपुढे मान वर करत नाही. मी फोटो बाजारात छापून घेतले, पाकीट उघडूनही पाहिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर सिविल लाइंसला भय्यासाहेबांच्या घरी गेले.

भय्यासाहेबांनी चष्मा लावून एकेक फोटो पाहिला.

"प्रणोती, याच्यात मार कुठं आहे?" ते शांतपणे म्हणाले. "मुलगी तर टवटवीत दिसून राहिली आहे."

खरंच. माझ्या फोनात चेहरा सुंदर करणारी ती सोय कायम चालूच असते. तिने ताईची कातडी गुळगुळीत केली होती, आणि उरलंसुरलं दुकानातल्या यंत्राने उजळून टाकलं होतं. जबड्यावरचा काळानिळा डाग गालावरच्या लालीसारखा दिसत होता. सोफ्यावर बसलेला वेदांग हसला. मला त्याच्या तोंडात ते पाकीट कोंबावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःच्या.

"दार उघडताना लागलं तिला," वेदांग बाबांना म्हणाला. "थोडी नाटकी आहे, अंकल."

बाबा उठले. येत्या रविवारी अवंतीला पोचवतो, असं ते माझ्यासमोर कबूल करून आले. चार दिवस होते. आणि ताईच्या अंगावरचे डाग रोज रंग बदलत होते. ते गेले की बोलायला काहीच उरणार नव्हतं.

मी आत्याकडे गेले आणि रडले. आत्या रडली नाही. तिने तो फोटोंचा गठ्ठा पाहिला, टराटरा फाडला आणि मला म्हणाली, "तुले डोळे दिले कशाला देवानं? जा, घेऊन ये तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आत्याच्या खिडकीत बसली, बाही वर करून. आत्याने जुना कॅमेरा काढला आणि दंडाला लागून तो हिरवा पत्रा धरला. एकाच उजेडात दंड, जबडा आणि पत्रा, एकाच फोटोत.

"पत्रा कशाला?" ताईने विचारलं.

"उद्या ते म्हणतील, प्रिंटरनं निळं केलं. पत्र्याचा रंग बरोबर आला तर तुझाही बरोबर. पत्रा खोटा बोलत नाही."

ते दोन दिवस मी विसरणार नाही. आत्या प्रिंट काढायची आणि ताईच्या कातडीशेजारी धरून बघायची. एकात दंड हुबेहूब पण पत्रा पिवळट. दुसऱ्यात पत्रा जवळपास आला तर दंडाचा जांभळा तांबूस झाला. मग कळलं, कागद वेगळा घातलाय आणि प्रिंटरला वेगळाच सांगितलाय. आत्याने त्या यंत्राला आईमाईवरून शिव्या दिल्या, वरून बुक्की घातली. पुन्हा प्रिंट. पुन्हा "अवंती, हात पुढं कर." पाठीवरून खांद्यावर आलेले वायरचे वळ, बोटांचे चार ठसे, जबड्याच्या कडेचा हिरवा, त्याच्याखालचा पिवळा. स्वतःच्या मारातला एकेक रंग ताईला कागदावर पुन्हा पुन्हा बघावा लागत होता.

"आत्या, बस कर ना," ती शेवटी म्हणाली. "मारताना त्याला एवढा वेळ नाही लागला."

आत्याचे हात थांबले. तिने ताईचं डोकं पोटाशी धरलं. मग म्हणाली, "एकदा मी नाही बोलली, बेटा. आता कागद बोलेल असा बोलेल की कोणी तोंड फिरवू नाही शकणार. अजून एक. फक्त एक."

तो एक नव्हता, सहा होते. शुक्रवारी दुपारचा प्रिंट बरोबर वाटला. आत्याने तिन्ही प्रती स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर वाळत ठेवल्या आणि मत सकाळवर ढकललं.

सकाळी वेदांग आला. फोटोंचं त्याला कोणी सांगितलं असेल? माझ्याच बाबांनी. जावयाला अंधारात ठेवू नये म्हणे. दार ताईने उघडलं. त्याने तिला केसांना धरून बाजूला फेकलं आणि हातातल्या हेल्मेटने प्रिंटर फोडायला लागला. झाकण उडालं, काच फुटली, शाईच्या टाक्या फरशीवर पडून फुटल्या. लाल, निळी, पिवळी शाई भिंतीवर चार फुटांपर्यंत उडाली. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होते, त्याला ते कळतही नव्हतं.

आत्या स्वयंपाकघरातून आली ती खलातला बत्ता घेऊन. तिने सरळ त्याच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. हेल्मेट पडलं. दुसरा खांद्यावर, तिसरा गुडघ्यावर. वेदांग त्या रंगीत चिखलात घसरून आडवा झाला.

"बुढिया, तुझे देख लूँगा," तो उठून लंगडत पळताना जिन्यावरून ओरडला.

"देखो, जरूर देखो," आत्या म्हणाली. "खिडकीच्या उजेडात बघ." मग ती बत्ता मांडीवर घेऊन दाराशी खाली बसली.

प्रिंटर मेला होता. फळीवरच्या तीन प्रतींना धक्का नव्हता. आत्याने हात धुतले, प्रिंट खिडकीत नेला आणि छापलेल्या पत्र्यावर खरा पत्रा ठेवला. मी वाकून पाहिलं. कडा दिसत नव्हती.

रविवारी अकरा वाजता आम्ही सगळे सिविल लाइंसला. बाबांनी ताईची बॅगसुद्धा भरून आणली होती. वेदांगच्या मनगटाला प्लास्टर. भय्यासाहेबांनी ते दाखवून तक्रार सुरू केली, "बेबीबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माझी तुमच्याकडून आहे, साहेब," आत्या म्हणाली आणि प्रिंट टेबलावर ठेवला.

भय्यासाहेब बघत राहिले. मग ओठ पुसून म्हणाले, "आजकाल कॉम्प्युटरवर काय नाही करता येत. शाई जास्त पडली की असं दिसतं."

आत्याने पर्समधून हिरवा पत्रा काढला, आधी उलटा करून त्यांचीच सही त्यांना दाखवली, आणि त्यांच्या हातात दिला. "खिडकीत चला. तुम्ही तपासा. नापास म्हणा, मी अवंतीची बॅग स्वतः आत नेऊन ठेवते."

ताईने माझा हात इतका दाबला की नखं रुतली. भय्यासाहेब उठले, खिडकीपाशी गेले. त्यांनी पत्रा छापलेल्या पत्र्यावर ठेवला. सरकवला. प्रिंट फिरवून पुन्हा ठेवला. आयुष्यभर केलेलं काम, हात आपोआप चालत होते. मग त्यांचा अंगठा पत्र्यावरून शेजारच्या दंडावर गेला आणि तिथेच थांबला.

"काहून रे?" ते वेदांगकडे न बघता म्हणाले. "काहून मारलं इतकं?"

"पापा, वो झूठ..."

"शेड बरोबर आहे," भय्यासाहेब म्हणाले आणि खिशाचं पेन काढून प्रिंट उलटा केला.

वेदांग झेपावला. त्याने प्रिंट हिसकून फाडला आणि बापाने हात धरला तसं प्लास्टरचं मनगट त्यांच्या तोंडावर हाणलं. चष्मा तुटला. भुवई फुटली, नाकातून रक्ताची धार पांढऱ्या सदऱ्यावर लागली. तेव्हा कुठे माझे बाबा उठले. पाच दिवस जावई जावई करणाऱ्या माझ्या बापाने मागून त्याच्या गळ्याभोवती हात टाकला, त्याला जमिनीवर पाडलं आणि तो त्याच्या छातीवर बसून राहिला. बाबा हुंदके देत होते आणि त्याला दाबत होते.

आत्याने पर्स पुन्हा उघडली. "साहेब, दुसरी प्रत आहे."

भय्यासाहेबांनी एका हाताने नाक दाबलं आणि दुसऱ्याने लिहिलं. शेड तपासली, बरोबर आहे. खाली तारीख, खाली सही. एक रक्ताचा थेंब सहीशेजारी पडला. तो त्यांनी पुसला नाही.

"घेऊन जा ठाण्यात," ते ताईला म्हणाले. "मी येतो सोबत. विचारतील तर सांगीन."

ताई तिची बॅग उचलून दाराकडे निघाली. पण आत्याने तिला थांबवलं, आणि मला म्हणाली, "प्रणोती, फोन काढ. ती सुंदर करायची भानगड बंद कर आधी."

मी बंद केली. दोनदा तपासली. आत्या खिडकीपाशी राहिलेला पत्रा उचलून भय्यासाहेबांकडे वळली आणि तो त्यांच्या सुजत चाललेल्या चेहऱ्याजवळ धरायला गेली. भय्यासाहेबांनी तिच्या हातून तो हिरवा पत्रा काढून घेतला, खिडकीकडे तोंड केलं आणि स्वतःच तो गालाला लावून धरला, सरळ, सावली पडणार नाही असा.

"काढ," ते म्हणाले.